रखमाजीच्या वाट्याची ओवी

लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर एका पहाटे रखमाजीच्या ध्यानात आलं, की आपल्या बायकोच्या ओव्यांत आपण कुठेच नाही.

इतकी वर्षं ते ध्यानात आलं नव्हतं, यात त्याचा फारसा दोष नव्हता. जात्याची घरघर सुरू झाली, की आंबी गावातले पुरुष एकतर कूस बदलत, नाहीतर तंबाखू मळत गोठ्याकडे जात. बायका जात्यापाशी काय बोलतात हा बायकांचा आणि जात्याचा मामला. त्यात गड्याने कान घालायचा नसतो. पण त्या भाद्रपदात रखमाजीच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला, पाय भोपळ्यासारखा सुजला आणि गडी ओसरीवर आडवा झाला. पडल्या माणसाला ऐकण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता. भिंतीपलीकडे सरुबाई नाचणी दळत होती आणि एकेक शब्द स्वच्छ ऐकू येत होता.

पहिली ओवी कार्ल्याच्या एकवीरेला गेली. ठीक आहे, देवीचा मान पहिला. दुसरी सरुबाईच्या आईला गेली. म्हातारी वारून दहा वर्षं झाली होती, पण तेही ठीक. त्यानंतर मात्र जी सुरू झाली ती थांबेना.

माज्या गं अंगनात कुनाची घोडी आली
भाऊ माजा हौशीराम, पायरी सोन्याची झाली

रखमाजी घोंगडीवर उठून बसला. हौशीराम म्हणजे त्याचा नवलाख उंबरे गावचा मेहुणा. त्याच्याजवळ घोडी सोडा, धड वहाणाही नव्हत्या. म्हणजे होत्या, पण झिजतील म्हणून तो त्या काखेत मारून चालायचा. भाऊबीजेला यायचा, बहिणीच्या ताटात एक खण टाकायचा आणि घरातल्या करंज्यांचा फडशा पाडून जायचा. आणि पायरी म्हणे सोन्याची झाली! ती पायरी रखमाजीने स्वतः डोंगरातून धोंडा आणून, कंबर मोडेस्तोवर ठोकून बसवली होती. हौशीरामने तिच्यावर फक्त पाय पुसले होते.

हौशीरामच्या पागोट्यावर एक झाली, त्याच्या चालण्यावर एक झाली. मग उर्से गावाला दिलेल्या लेकीवर झाली, नंदाबाईवर. मग लेकावर झाली. महिपती लोणावळ्याला रेल्वेच्या लायनीवर कामाला होता, त्याच्या हातातल्या लाल निशाणापर्यंत सगळं ओवीत आलं. शेवटी बैलावर झाली. मग जातं थांबलं, पीठ भरल्याचा आवाज आला आणि सरुबाई चुलीकडे गेली.

एवढी पंगत उठली आणि घरधन्यालाच पान नाही, असं रखमाजीला झालं. आज राहिलं असेल, उद्या येईल, म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी कान टवकारले. तिसऱ्या दिवशीही टवकारले. पायाची सूज उतरली तरी तो दुखतोय म्हणून पडून राहिला. ओव्या आल्या आणि गेल्या. त्यात शेजारच्या गाभण म्हशीचा नंबर लागला, पण रखमाजीचा लागला नाही.

तसा तो काही हळव्या मनाचा माणूस नव्हता. बायकोशी गोड बोलणं म्हणजे भाकरी वाढल्यावर 'ऱ्हाऊ दे आता' म्हणणं, इतकीच त्याची समजूत. पण माणसाला एकदा कळलं, की आपल्याला अमुक एक मिळालेलं नाही, की मग तेवढंच हवं असतं. रखमाजीला स्वतःवरची एक ओवी हवी होती. एकच. दोन मागण्याइतका तो हावरट नव्हता.

त्यातच दसऱ्याच्या सुमाराला तळेगावात तेलाच्या इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी आली. तिच्या धुराड्यावर उपडा डबा होता आणि तो 'टुक टुक टुक' असा नाचायचा. नदी ओलांडून गेलं, की दुपारपर्यंत पायलीभर धान्य दळून परत. गावातल्या बायांना स्वर्ग दोन बोटं उरला. एकेका घरातलं जातं कोपऱ्यात गेलं आणि त्याच्यावर कोंबड्या बसायला लागल्या.

सरुबाईनेही एका रात्री जेवताना विषय काढला.

"अवं, खांदा लय दुखतोय. नथूभावजी गिरनीला जात्यात, त्यांच्यासंगं आपलं बी द्या की दळाण."

रखमाजीने मनात हिशेब मांडला. जातं थांबलं म्हणजे ओव्या थांबल्या. ओव्या थांबल्या म्हणजे आपला नंबर कायमचा बुडाला. सव्वीस वर्षांत जे आलं नाही ते आता येण्याची आशाच संपली.

"गिरनीचं पीठ गरम ऱ्हातंय," तो म्हणाला. "त्यातला जीव जातो."

"नथूभावजींच्या घरी समदी जित्ती हायती."

"तेलाचा वास येतो भाकरीला."

"तुमी कवा खाल्ली गिरनीची भाकर?"

हा प्रश्न अडचणीचा होता, कारण त्याने ती नथूच्याच घरी खाल्ली होती. रखमाजी ताटावरून उठला. दोन दिवसांत गावभर झालं, की रखमाजी दळणाच्या आण्यासाठी बायकोचा खांदा मोडायला निघालाय. तो एरवीही हात आखडूनच वागायचा, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. रखमाजीने तो बट्टा मुकाट्याने सोसला. खरं कारण सांगण्यापेक्षा चिक्कू म्हणवून घेणं बरं.

पण एका माणसाला सांगावंच लागलं. नथू त्याचा शेजारी आणि लहानपणापासूनचा दोस्त. रखमाजीच्या पोटातली प्रत्येक गोष्ट संध्याकाळपर्यंत नथूच्या कानात पडायचीच. खाचराच्या बांधावर बसून रखमाजीने त्याला सगळं ऐकवलं.

नथूने विडी शिलगावली. "आरं येड्या, बाई नवऱ्याचं नाव घेती का कवा? ती आडून म्हनत आसंल. तू वळखलं नसशील."

हे रखमाजीच्या डोक्यात आलंच नव्हतं. आता दोघांनी मिळून ओव्या चाळायला घेतल्या. रखमाजीने पाठ केलेल्या म्हणायच्या आणि नथूने अर्थ लावायचा. नथूला अर्थ लावण्याची मुळातच हौस होती. कावळा ओरडला तरी तो त्याचा अर्थ लावायचा.

"कालची ही आयक," रखमाजी म्हणाला आणि इकडेतिकडे बघून हळू आवाजात त्याने म्हटली:

दारीचा आंबा माज्या, यंदा बी न्हाई मव्हर
कुऱ्हाड न्हाई लावनार, त्याची सावली अंगभर

"हा तूच!" नथूने मांडीवर थाप मारली. "फळ देत न्हाई, पन सावली देतो."

"फळ देत न्हाई म्हंजी? दोन पोरं काय शेजाऱ्याची?"

"आरं, मग तू न्हाईस. ऱ्हायलं."

"आसं कसं ऱ्हायलं? सावली माजीच हाय की."

"सावली तुजी आन मव्हर दुसऱ्याचा, आसं न्हाई चालत. घ्यायचा तर आख्खा आंबा घे."

रखमाजीने रात्रभर विचार केला आणि आंबा सोडून दिला. न मोहरणारं झाड म्हणून ओवीत बसण्यापेक्षा बाहेर राहिलेलं बरं. शिवाय दारातला आंबा खरोखरच मोहरत नव्हता, हेही त्याला नाकारता येईना.

दिवाळीला हौशीराम आला, वहाणा काखेत मारून. चार दिवस राहिला. गंमत अशी, की त्या चार दिवसांत सरुबाईने त्याच्यावर एकही ओवी म्हटली नाही. भाऊ ओसरीवर घोंगडी पांघरून निजलेला, आणि ओव्या मात्र उर्शाच्या लेकीच्या. रखमाजीला मनातून गुदगुल्या झाल्या. मेहुण्याचा भाव उतरला, आता गादी रिकामी झाली, असा त्याने अर्थ काढला. हौशीराम गावाची वेस ओलांडून गेला आणि दुसऱ्या पहाटे त्याची घोडी पुन्हा अंगणात आली.

शेवटी रखमाजी बयाबाईकडे गेला. बयाबाई आळीतली सगळ्यांत जुनी बाई. तिला ऐकू कमी यायचं, पण ओव्या तिला अजून शेकड्यांनी येत होत्या. आपलं नाव न सांगता, कुणा दुसऱ्याच गड्याची अडचण असल्यासारखा, त्याने तो प्रश्न तिच्या कानाशी ओरडून विचारला. त्यामुळे तो अर्ध्या आळीलाही कळला.

बयाबाईने बोळकं पसरून हसून घेतलं. "आरं रखमा, नवरा ओवीत सरळ येत न्हाई. जे न बोलता राबतं आन मान हालवतं, त्यो नवरा समज. जा आता."

रखमाजी वाटेतच थांबला. न बोलता राबतं आणि मान हलवतं! त्याला ती पवळ्या बैलाची ओवी आठवली:

पवळ्या माजा बैल, जुवाखाली मान घाली
तोंडानं न्हाई बोल, डोळ्यानं हाक आली

त्याला भर रस्त्यात भरून आलं. एवढे दिवस आपण ज्या बैलाचा हेवा करत होतो तो बैल आपणच होतो! आणि सरुबाई त्याला 'माजा' म्हणत होती, तेही आठवड्यातून दोनदा तरी. म्हणजे हौशीरामच्या खालोखाल आपलाच नंबर. घरी पोचल्यावर तो आधी गोठ्यात गेला आणि पवळ्याच्या वशिंडावर त्याने सख्ख्या भावासारखा हात ठेवला. पवळ्याने त्याचं उपरणं चावायला घेतलं.

त्यानंतरचे काही दिवस रखमाजीने फार सुखात काढले. ओवीतल्यासारखंच वागावं म्हणून त्याने बोलणं कमी केलं. सरुबाईने काही विचारलं, की तो नुसती मान हलवायचा आणि तिच्याकडे डोळे भरून बघायचा. सरुबाईला काळजी वाटली. घसा बसला असेल म्हणून तिने त्याला अडुळशाचा काढा करून पाजला. तो कडू जहर काढाही त्याने मान हलवत प्यायला.

भाताची कापणी झाली, खळ्यात पेंढ्याच्या गंजी उभ्या राहिल्या. आणि एका पहाटे भिंतीपलीकडून ओवी आली ती अशी:

पवळ्याला माज्या मी दावनीला पेंढा घाली
दुसऱ्याच्या गंजीवर याची नजर कशी ग्येली

रखमाजीच्या अंगावरची घोंगडी गळून पडली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. सरुबाई माळकरी होती. गळ्यात तुळशीची माळ पडल्यापासून तिच्या चुलीवर मासळी, मटण, खेकडा काही चढत नव्हतं. रखमाजीने माळ घातली नव्हती, पण तिच्या समाधानासाठी देवासमोर हात जोडून त्यानेही सगळं सोडल्याचं सांगितलं होतं. आणि त्याने ते खरंच सोडलं होतं, पावसाळ्याचे महिने वगळता. मावळात पावसाळ्यात खाचराच्या बांधाबांधात खेकडे निघतात, आणि नथूची बायको अंबूबाई खेकड्याचं कालवण असं करायची, की वासानेच माणूस शेजारी जाऊन बसावा. रखमाजी जाऊन बसायचा. घरी येऊन पोट जड झालंय म्हणून सरुबाईची भाजी-भाकरी बाजूला सारायचा.

दावणीला पेंढा असताना दुसऱ्याच्या गंजीवर नजर! अर्थ लावायला नथूची गरजच नव्हती. बाईला सगळं ठाऊक आहे, आणि किती खालच्या आवाजात, किती मायेने तिने ते सांगितलं! दुसरी असती तर तिने आळी गोळा केली असती. रखमाजीला आपली लाज वाटली आणि बायकोचा अभिमान वाटला, दोन्ही एकदमच. तो उठला, आत गेला आणि जात्यासमोर उभा राहून त्याने घसा साफ केला.

"मी चुकलो," तो म्हणाला. "पुन्यांदा जानार न्हाई."

सरुबाईचा हात खुंट्यावर थांबला. "कुटं?"

"नथूच्या घरी. खेकडं खायाला."

जात्याचं शेवटचं पीठ कडेने गळायचं तेवढं गळलं. मग सरुबाईने विचारलं, "कवा खाल्लं?"

"पावसुळाभर."

"देवाम्होरं हात जोडून?"

"तुला म्हाईतच हाय की समदं. तूच म्हनलीस न्हवं, दुसऱ्याच्या गंजीवर नजर ग्येली म्हनून?"

"अवं, बयाबाईच्या गंजीला त्वांड लावलं काल पवळ्यानं! अर्धी गंजी इस्कटली! मी बैलाचं म्हनत व्हते, बैलाचं!"

रखमाजी तसाच उभा राहिला. एका दमात त्याचे खेकडेही गेले आणि बैलही गेला. त्यातल्या त्यात बैल गेल्याचं त्याला जास्त लागलं.

सरुबाई त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या पहाटे ती जात्यावर बसली, पण ओवी नाही. नुसती घरघर. देवीला नाही, आईला नाही, हौशीरामलाही नाही. त्याच्या पुढच्या पहाटेही तसंच. रखमाजीला हौशीरामच्या घोडीची अशी आठवण येईल असं कधी वाटलं नव्हतं. मुकं जातं ऐकत पडणं म्हणजे घरात कुणी आजारी असल्यासारखं होतं.

असे काही दिवस गेल्यावर एका पहाटे घरघरही मध्येच थांबली. रखमाजीने डोकावून पाहिलं. सरुबाई उजवा खांदा डाव्या हाताने दाबत, डोळे मिटून बसली होती. समोर अजून अर्धं सूप तांदूळ होते.

रखमाजी काही न बोलता आत गेला आणि तिच्या समोर, जात्याच्या पलीकडे मांडी घालून बसला. त्याने खुंट्याला हात घातला.

"ह्ये काय?" सरुबाई दचकली. "उठा! कुनी बघितलं तर काय म्हनंल? बाप्या मानूस जात्यावर!"

"बघू दे," म्हणून त्याने जातं ओढलं. ते त्याला वाटलं त्याहून पुष्कळ जड होतं. एक फेरा धड झाला, दुसऱ्या फेऱ्याला पीठ एकाच बाजूने भसकन बाहेर आलं आणि तिसऱ्या फेऱ्याला खुंटाच निघून हातात आला. सरुबाईला राग आवरेना आणि हसू त्याहून आवरेना. तिने पदर तोंडाला लावला. ती हसतेय असं पाहून रखमाजीला धीर आला, आणि इतक्या महिन्यांचं पोटातलं तोंडावर आलं.

"माज्यावर का म्हनत न्हाईस एक बी?"

"काय?"

"ओवी. हौशीरामावर म्हनतीस. पोरांवर म्हनतीस. बैलावर म्हनतीस. शेजारच्या म्हशीवर बी म्हनलीस. म्या काय घोडं मारलंय?"

सरुबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. हातात आलेला खुंटा तो अजून धरून बसला होता.

"म्हनून गिरनीला जात न्हाई तुमी?"

रखमाजीने मान हलवली.

"अगं बया," ती म्हणाली. मग जात्यावरचं सांडलेलं पीठ हाताने गोळा करत राहिली. बोलली तेव्हा तिचा आवाज उतरला होता.

"ओवी कुनावर म्हनत्यात ठावं हाय का? जे डोळ्याम्होरं न्हाई त्याच्यावर. आई ग्येली म्हनून आईवर. भाऊ वरीसभर दिसत न्हाई म्हनून भावावर. नंदा सासरी, महिपती लोनावळ्याला. आमच्या बायांचं पत्र म्हना ह्ये. जो मानूस रोज म्होरं बसून भाकर मागतो, त्याच्यावर कशापायी म्हनू?"

"पवळ्या कुटं लांब हाय?" रखमाजी अजून भांडत होता.

"त्याला त्वांड न्हाई. तुमाला हाय, आन लय हाय." ती थांबली. "शेजारच्या धोंडाबाईला आयकलं का कवा? ती म्हनती नवऱ्यावर. रोज म्हनती. तिचा नवरा मरून चार वर्सं झाली. तसली ओवी माज्या त्वांडात यायची असंल, तर त्याआधी देवानं मलाच न्यावं."

रखमाजीने खुंटा जात्यात परत बसवला. बसवायला उगाचच वेळ लावला, कारण मान वर करायची सोय नव्हती. बायकोच्या ओव्यांत आपण नाही म्हणजे आपण घरात आहोत, हे त्याच्या टकुऱ्यात आता शिरलं, आणि ते शिरताना इतकं खोल गेलं, की डोळ्यांत पाणी आलं. पीठ गेलं डोळ्यांत, असं तो म्हणाला.

"नगं म्हनू माज्यावर," तो म्हणाला. "कदी बी नगं म्हनू."

आणि त्याच दिवशी, ऊन वर यायच्या आत, तो दळणाचं पोतं डोक्यावर घेऊन तळेगावला निघाला. आता जातं कोपऱ्यात गेलं काय आणि त्याच्यावर कोंबड्या बसल्या काय, त्याला फिकीर नव्हती. सरुबाईने अंगणाच्या कुडापर्यंत येऊन सांगितलं, "दुपारच्या आत या. डब्यात पीठ न्हाई." नदीच्या उतारातून तो गाणं गुणगुणत गेला, ते त्याच्या वयाला शोभत नव्हतं.

पण गिरणीवर त्याचा नंबर आला आणि इंजिनाचा पट्टा तुटला. फाटकन आवाज झाला, धुराड्यावरचा डबा दोनदा नाचला आणि गप्प झाला. गिरणीवाल्याने हात वर केले. मिस्त्री लोणावळ्याचा, तो येणार उद्या सकाळच्या गाडीने. दळण निम्मं गिरणीत, निम्मं पोत्यात, ते टाकून जाणार कसं? लोक कुरकुरत आपापल्या पोत्याला टेकून बसले. रखमाजीही बसला, आणि तिथेच त्याने रात्र काढली. लग्नानंतर बायकोला न सांगता घराबाहेर काढलेली ती त्याची पहिली रात्र होती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला, पट्टा चढला, दळण झालं. गरम पिठाचं पोतं डोक्यावर घेऊन रखमाजी लगबगीने निघाला. पीठ खरंच गरम होतं. त्या बाबतीत तो खोटं बोलला नव्हता. बायको काय काय बोलेल आणि आपण काय काय उत्तर द्यायचं याची जुळणी करत तो नदीचा उतार चढून गावात शिरला, आळीत वळला आणि घराच्या कुडापाशी येऊन एकदम थबकला.

भर दुपारी घरातून जात्याचा आवाज येत होता. डब्याच्या तळाची, कोनाड्यातली उरलीसुरली नाचणी घेऊन सरुबाई दळायला बसली असणार. आणि बऱ्याच दिवसांनी ओवी येत होती:

रातीची झाली सकाळ, सावली आली दारी
पीठ न्हाई डब्यात बाई, घरी न्हाई कारभारी

आंबा नाही, बैल नाही. कारभारी. जातं एक फेरा नुसतंच फिरलं, मग सरुबाईचा आवाज आणखी खाली आला:

घोरन्याचा त्याच्या मला रोज येतो बाई राग
काल निजले निवांत, तरी सारकी आली जाग

ह्या ओवीचा अर्थ त्याला कुणाला विचारावा लागला नाही. तो तिथेच उभा राहिला. डोक्यावर पोतं, मानेवर घाम, आणि आत पाऊल टाकायची हिंमत नाही. आत गेलं, की आपण पुन्हा समोर बसून भाकर मागणारा माणूस होणार आणि हे थांबणार. कालच 'कदी बी नगं म्हनू' म्हणून आपण सांगितलं होतं, याची त्याला आठवण होती. तरी पाय उचलत नव्हता. आतमध्ये आणखी एक झाली, आणखी एक झाली. त्यात एक चक्क शिव्यांची होती, तीसुद्धा त्याने डोळे मिटून ऐकली.

मग जातं थांबलं आणि ऊन कुठवर आलं ते बघायला सरुबाई कपाळावर हात धरून दारात आली. तिला कुडापाशी पोतं दिसलं, पोत्याखाली नवरा दिसला. तिने आधी त्याला डोक्यापासून पायापर्यंत निरखलं. हातपाय जागच्या जागी असल्याची खात्री करून घेतली आणि मग चढ्या आवाजात विचारलं, "कवा आलात?"

"आत्ताच," रखमाजी म्हणाला. "ह्ये काय, आत्ताच. पट्टा तुटलेला गिरनीचा."

सरुबाईची नजर त्याच्या पायांकडे गेली. पोत्याची एका कोपऱ्याची शिवण उसवली होती. तिथून पीठ गळून गळून त्याच्या उजव्या पायाशी चांगला वीतभर उंच पांढराशुभ्र ढीग झाला होता. त्यात त्याचा अंगठा बुडाला होता.

"आत्ताच यून येवढं सांडलं व्हय?"

रखमाजीने ढिगाकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. सरुबाई त्या वयात कानापर्यंत लाल झाली. तिने पदर सावरला, आत जाऊन सूप आणलं, खाली बसून वरचं स्वच्छ पीठ ओंजळीने भरून घेतलं. तिची मान खालीच होती.

"आत या. भाकर टाकते," ती म्हणाली. "आन नथूभावजींना सांगत बसू नगा."

नथू संध्याकाळी आलाच. इंजिन, पट्टा, मिस्त्री, सगळं त्याने खोदून खोदून विचारून घेतलं, आणि मग विडी पुढे करत म्हणाला, "आन ओवीचं काय झालं रं? आलं का तुजं नाव?"

"न्हाई बा," रखमाजी म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा त्याने नथूपासून एक गोष्ट राखून ठेवली.